पाय न टेकवता

१३ जुलै, रविवार

आयुषीला दीक्षा घ्यायची आहे. आणि माउंटन बाइक पण हवी आहे. दोन्ही गोष्टी एकाच जेवणात, भाजीची वाटी माझ्याकडे सरकवत बोलली!

दीक्षेचं नवीन नाही. वर्षभर घरात धुमसतंय. त्यात यंदा महासतीजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चातुर्मास आमच्याच गावात, कुंभार पिंपळगावात. त्या उतरतात ते स्थानक आमच्या गल्लीच्या टोकाला. बहीण सकाळी तिकडे, दुपारी तिकडे. पंचवीस वर्षांची, एम.कॉम. झालेली, आमच्या पाइप-मोटारींच्या दुकानाचं जीएसटी एकटी बघणारी पोरगी — आणि साध्वी व्हायचंय! घरच्यांच्या आज्ञेशिवाय दीक्षा होत नाही. बाबूजी गेल्यापासून मम्मीचं प्रत्येक गोष्टीत एकच पालुपद, "रजत म्हणंल तसं." म्हणजे आज्ञा द्यायची ती मी. नाही म्हणायचं ते पण मीच.

सायकलीचं मात्र आजच कळलं. दीक्षा घेणाऱ्या मुलीची आधी हौस पुरवायची आपल्यात पद्धत आहे. मम्मीने डोळे पुसत विचारलं, तुझी काय हौस आहे सांग. मम्मीच्या मनात बनारसी साडी असणार. ही म्हणाली, "भैयासारखी सायकल. माळावर जाणारी."

मला आधी हसू आलं, मग राग. राग कशाचा ते आता लिहितानाही नीट सांगता येत नाही. बोलून गेलो, "म्हसोबाच्या उतारावरून पाय न टेकवता खाली ये. त्या दिवशी आज्ञा देतो. तोपर्यंत विषय काढायचा न्हाई."

मला स्वतःला तो उतार जमायला दोन वर्षं लागली. दोन वर्षांत पोरगी रमेल. माळाची चटक लागलेली माणसं घर सोडत नाहीत, फार तर जेवायला उशिरा येतात.

माझ्या बायकोने, रितिकाने, माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुधाचं पातेलं सांडलंय.

१४ जुलै, सोमवार

घ्या! आयुषीने महासतीजींसमोर हात जोडून पच्चखाण, म्हणजे नियमच घेतला. उतार होईपर्यंत गोड बंद. साखर, गूळ, मिठाई, सगळंच.

"अगं, मी चिडून बोललो होतो!"

"बोलल्ते नं भैया? मंग झालं."

बाकीच्यांच्या घरात रागाच्या भरात बोललेलं संध्याकाळपर्यंत विरून जातं. आमच्या घरात कोणीतरी त्याचं पच्चखाण घेऊन येतं.

१९ जुलै, शनिवार

दोघं घनसावंगीला सायकलवाल्या चांदपाशाकडे. सायकलीचं सामान त्याच्या पत्त्यावर येतं, आणि चाकाची तार ओढण्यात त्याचा हात बसलेला आहे. खोकं उघडून टायर बघितला आणि म्हणाला, "भैया, इत्ते मोटे? ट्रॅक्टर बनाके देना क्या?"

फ्रेम अल्युमिनियमची, लहान मापाची. माझ्या मापाची घेतली तर आयुषीचे पंजे जमिनीला लागायचे नाहीत. ब्रेक तेलावर चालणारे डिस्क. तारेचे ब्रेक उतारावर बोटं दुखवतात. पुढे एकच दातेरी चक्र, मागे लहानमोठ्या चक्रांची कॅसेट. चेन कमी निसटते. पॅडल सपाट, खुंट्या असलेले. सीट एका बटणावर खाली जाणारी — उतारावर बूड मागे न्यायला जागा पाहिजे. मी हे सगळं उत्साहाने सांगत होतो आणि ती मान डोलवत होती. तिने एकच प्रश्न विचारला.

"सीट चामड्याची न्हाई नं?"

"न्हाई बाई, रेग्झिन आहे, बिलकुल," चांदपाशा म्हणाला.

पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा फोर्क मात्र सायकलीबरोबर आलेलाच, साध्या स्प्रिंगचा. ती दाबून बघत होती, हलतच नव्हता. तिचं वजनच तेवढं! हलक्या माणसाला हवेचा फोर्क लागतो, आपल्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. मागवला. वेळ लागेल म्हणाले.

लागू दे.

२७ जुलै, रविवार

पहिली फेरी. कालव्याच्या पाळूवरून निघालो, मग पांदण, मग माळाच्या पायथ्यापर्यंत. पांदणीत काळी माती! चाकात इतकी भरली की चाकं फिरेनात. दोन्ही सायकली खांद्यावर. आयुषी गुडघ्यापर्यंत चिखलात आणि हसून राह्यली होती. बाबूजी असताना हसायची तशी.

एक कटकट आहे. हिरव्यावरून सायकल नेत नाही. जिथे वाटेवर गवत आलंय तिथे उतरते, सायकल उचलते, बांधावरून वळसा घालते. "चातुर्मास आहे भैया, हिरव्यावरून न्हाई." असं म्हसोबापर्यंत पोचायला दिवाळी उजाडेल. उजाडू दे की!

घरी आल्यावर मम्मी दारात. आयुषीच्या कपड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडेल. म्हणाली, "उद्या पण जा."

३ ऑगस्ट, रविवार

बाभळीचा काटा. मग दुसरा. मग तिसरा, माझ्याच चाकात! ट्यूबा काढून फेकल्या. दोघांच्या टायरमध्ये आता नुसतं एक पांढरं द्रव्य. काटा शिरला की आपोआप भोक बुजतं.

आयुषीने ते द्रव्य बोटावर घेऊन वास घेतला. "कशाचं आहे?" रबराच्या चिकाचं, मी सांगितलं. झाडाचं म्हटल्यावर समाधान झालं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज म्हसोबाचा उतार दाखवला. वरून बघून बहुतेक जण परत फिरतात. आधी सुटा मुरूम, गोट्यांवर चालल्यासारखा. मध्ये कातळाची एक पायरी, चाकाच्या निम्म्याएवढी उंच. पायरी उतरली की लगेच डावीकडे वळण, वळणाच्या बाहेर बाभूळ. मग सरळ ओढ्यापर्यंत.

सांगितलं — सीट खाली, बूड मागे, टाचा खाली, ब्रेकवर एकच बोट. दगडाकडे बघायचं नाही, जिथे जायचंय तिथे बघायचं. ज्या दगडाकडे बघतो त्याच्यावरच जातो माणूस.

मुरमातच पाय टेकला. पुन्हा वर गेली. पुन्हा टेकला. पायरीपर्यंत पोचलीच नाही. फोर्क पार दगड झालाय, प्रत्येक खड्डा तिच्या मनगटात जातो.

मला बरं वाटलं. इथे लिहितो, कारण कुणाला सांगण्यासारखं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

हवेचा फोर्क आला. खोकं दुकानात मागे, पीव्हीसी पाइपांच्या आड ठेवलं.

पर्युषण सुरू आहे, आठ दिवस सायकल नाहीच. आयुषीने विचारलं, "फोर्क आला का?"

"न्हाई अजून."

२८ ऑगस्ट, गुरुवार

संवत्सरी झाली. आज सकाळी सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागितली. आयुषी माझ्या पाया पडली. वर्षभरात मनाने, बोलण्याने, वागण्याने दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. मीपण म्हणालो. ती मान खाली घालून ऐकत होती. पाइपांच्या आडच्या खोक्याचं काही मी बोललो नाही!

१४ सप्टेंबर, रविवार

पाऊस. पाऊस. माळ म्हणजे नुसता रबडा. दुकानात विहिरीच्या मोटारीसाठी एक गिऱ्हाईक नाही, पाणी उपसायचे पंप मात्र लोक मागून राह्यलेत.

२१ सप्टेंबर, रविवार

पाऊस. आयुषी अंगणातल्या ओट्यावरून सायकल खाली उतरवायचा सराव करते. एक पायरी, मग दोन. रितिका खिडकीतून मोजते आणि टाळ्या वाजवते. माझी बायको नक्की कोणाच्या बाजूने आहे?

५ ऑक्टोबर, रविवार

आयुषी पडली.

मुरूम पार केला, पायरीवर आली. सगळं बरोबर केलं होतं तिने — बूड मागे, नजर पुढे. पण फोर्क दबलाच नाही. पुढचं चाक खाली आपटलं आणि रबरी चेंडूसारखं उसळलं. ती बाभळीच्या बुंध्यापाशी जाऊन पडली. हनुवटी फुटली, कोपर सोललं. हेल्मेटवर चीर.

मी कसा खाली पोचलो आठवत नाही. ती उठून बसली होती, तोंडावर माती, आणि मलाच विचारत होती, "भैया, तुम्हाला लागलं का?" मी पण घसरत आल्तो म्हणे.

दुकानात आणलं, जखम धुतली. मग मी पाइप बाजूला केले आणि खोकं तिच्यासमोर ठेवलं. म्हणालो, हा ऑगस्टपासून इथे आहे.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"जीएसटीला बिलं मीच चढवते नं भैया. पाइप मोजायला मागं गेल्ते, तवाच बघितलं."

"मंग बोलली का न्हाईस? मरायची पाळी आल्ती!"

ती हनुवटीवर कापूस दाबत म्हणाली, "तुम्हाला मला थोडे दिवस ठेवून घ्यायचं होतं. मलापण राहायचं होतं थोडे दिवस. मंग कशाला बोलू?"

मी दुकानाच्या पायरीवर बसून रडलो. समोरून गावातला साहेबराव ट्रॅक्टर घेऊन चालला होता, त्याने बघितलं. बघू दे. मला ती जायला नको आहे, एवढीच गोष्ट आहे. सख्खी एकुलती एक बहीण आहे. पण तिला दगड झालेल्या फोर्कवर अडकवून ठेवणारा मी कोण?

६ ऑक्टोबर, सोमवार

चांदपाशाने फोर्क बसवला. पंपाने हवा भरून आयुषीला वर बसवून बघितलं. बसल्यावर किंचित दबला पाहिजे, तेवढाच दबला. "अब मक्खन," तो म्हणाला. नवीन हेल्मेट पण घेतलं. मग तिच्या हनुवटीकडे बघून तो म्हणाला, "बाई, कायको इत्ती जिद?"

ती हसली. मी म्हणालो, घरची गोष्ट आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज मनापासून शिकवलं. पहिल्यांदाच. पायरीवर हळू नाही जायचं, हळू गेलं की चाक अडतं. पायरीच्या आधी ब्रेक, पायरीवर ब्रेक सोडायचा. "सोडायचा म्हणजे सोडायचाच?" हो, सोडायचाच. तिथे धरलं की पडलं.

पायरी उतरली! वळणावर पाय टेकला, पण पायरी उतरली.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळी. अनारसे, बालूशाही, मोहनथाळ. मम्मी ताट घेऊन आयुषीसमोर बसली आणि तसंच परत घेऊन गेली. मग स्वयंपाकघरात माझ्यावर बरसली.

"उतरू दे आता तिला एकदाची."

"मम्मी, उतरली की जाईल ती!"

"मला म्हाईत न्हाई का? मी जन्म दिला नं? मला ती घरात पाह्यजे. पण अशी न्हाई, दाराला बांधून ठेवल्यासारखी." मग डब्याचं झाकण लावत, माझ्याकडे न बघता, "तू पण किती वाळलायस."

मोहनथाळ मी पण नाही खाल्ला. नियम वगैरे नाही. वडी उचलली आणि परत डब्यात ठेवली.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

ऊन छान होतं. माळ वाळलाय, गवत पिवळं पडलंय. मी खाली ओढ्यापाशी उभा राहिलो. आयुषी वरून निघाली. मुरूम — गेली. पायरी — ब्रेक सोडला, फोर्क दबला, वर आला, जणू काही झालंच नाही. वळण — बाभळीकडे बघितलंसुद्धा नाही. आता पुढे सरळ, लहान मूल पण उतरेल असं. मी दोन्ही हात वर केले.

आणि ती थांबली! दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक घसरलं, पाय खाली टेकवला. ओढा समोर, वीस पावलांवर.

मी धावत गेलो. वाट ओलांडून मकोड्यांची, म्हणजे मुंगळ्यांची, रांग चालली होती. काळे, मोठे, तोंडात पांढरं काहीतरी घेऊन. ती सायकलीवर वाकून बघत होती.

"झालं की," मी म्हणालो. "उतार झाला. हे कशाला मोजायचं? मी धरलं."

"पाय टेकला भैया."

"मीच अट घातली नं? मीच म्हणून राह्यलो, झालं!"

"नियम तुमच्यापाशी न्हाई घेतला."

सायकल उचलून ती रांगेवरून पलीकडे गेली. घरी आली, जेवली, गोड खाल्लं नाही. चेहरा तसाच, शांत. मला वाटायचं ही दीक्षेचं म्हणते ते कुठल्या तरी प्रवचनाचं वेड आहे, उतरेल. आज दुसरी कोणीही असती तर गेली असती सरळ. मीच गेलो असतो. मी त्या मकोड्यांना बघितलंही नसतं.

मला आता तिला नाही म्हणता येणार नाही. पटलं म्हणून नाही. पटलेलं नाहीच. पण ती खरी आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

उतरली!! मुरूम, पायरी, वळण, ओढा. ओढ्याच्या पाण्यातून फवारे उडवत थेट पलीकडे, आणि पाय पॅडलवरच!

मी वेड्यासारखा ओरडलो. "उतरली! उतरली! माझी आयु उतरली!" पलीकडच्या शेतातली कापूस वेचणारी बायामाणसं उभी राहून बघायला लागली. मी उड्या मारत होतो. सायकल शिकवणाऱ्याला यापेक्षा मोठं सुख नसेल.

मग कळलं मी कशासाठी ओरडून राह्यलोय.

ती सायकल आडवी ठेवून जवळ आली. डोक्यावर हेल्मेट तसंच. म्हणाली, "भैया, लई मजा आली." बस, एवढंच. आज्ञेचा शब्द काढला नाही. मीपण नाही. ओढ्याच्या कडेला दोघं बसलो, तिने उकळलेल्या पाण्याची बाटली पुढे केली, दोघं प्यालो. ती खरंच खूश होती. मला वाटायचं, ज्याला जग आवडत नाही तो जग सोडतो. हिला सगळं आवडतं. माळ आवडतो, मी आवडतो, मम्मीचा मोहनथाळ तर फारच आवडतो — आज पाच वड्या खाल्ल्या!

५ नोव्हेंबर, बुधवार

कार्तिकी पौर्णिमा. चातुर्मास संपला, उद्या महासतीजींचा विहार, पायी पुढच्या गावाला. स्थानकात माणूस मावत नव्हतं, वाटूरहून, जालन्याहून लोक आले होते. महासतीजींनी विचारलं, आयुषीच्या घरच्यांचं काय म्हणणं आहे?

मम्मीने माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो. रात्रभर दोन वाक्यं पाठ केली होती. दोन्ही विसरलो.

"आज्ञा आहे," म्हणालो. आणि बसलो.

लोक जयजयकार करत होते. रितिकाने माझा हात घट्ट धरला होता.

७ डिसेंबर, रविवार

माळावर एकटा गेलो. अर्ध्या वाटेवरून परत आलो.

२८ डिसेंबर, रविवार

आयुषी स्वतःहून म्हणाली, चला. कालव्यापर्यंत जाऊन आलो. तिने माझ्या सायकलीचे मागचे ब्रेक पॅड बदलले, घासले होते म्हणे. मला पत्ताच नव्हता.

१८ जानेवारी, रविवार

मुहूर्त ठरला, पुढच्या महिन्यात जालन्याला. घरात पाहुणे. प्रत्येक मावशी आयुषीला जेवायला घेऊन चालली आहे. आयुषी सगळीकडे सायकलीवर जाते. मावश्या दारात उभ्या राहून सायकलीकडेच बघतात.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज दीक्षा झाली.

सकाळी बग्गीतून वरघोडा, म्हणजे मिरवणूक. जरीची साडी, दागिने, मेंदी — मम्मीने बनारसी नेसवलीच शेवटी. आयुषीने जवळचं होतं ते दोन्ही हातांनी लोकांना वाटलं, सगळं वाटलं. मंडपात शिरण्याआधी माझ्याजवळ आली आणि गळ्यात पडली. कितीतरी वेळ. कानात म्हणाली, "भैया, मुरमावर जोरात जाऊन राह्यलात तुम्ही आजकाल." मी नाक पुसत म्हणालो, बरं.

मग पांढरे कपडे घालून बाहेर आली. केस नाहीत. तोंडावर पांढरी पट्टी, मुहपत्ती. नवीन नाव पुकारलं, ते मला दोनदा विचारावं लागलं.

स्थानकातल्या धर्मराजकाकांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, आता अंतर ठेवून उभं राहायचं. पुरुषाचा स्पर्श चालत नाही. भाऊ असला तरी. मला हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण आज कोणीतरी मला सांगत होतं.

१ मार्च, रविवार

नव्या महासतीजींचा पहिला विहार. आम्ही सगळे पायी सोबत. रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली, अनवाणी पाय. माझ्यासमोर त्यांचा पाय घसरला.

माझा हात पुढे गेला. अर्ध्यातच थांबला. रितिकाने धावत येऊन धरलं त्यांना.

मी म्हणालो, "सांभाळून, महासतीजी."